नदीच्या अलीकडची सोपी वाट

कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम टोकाला, यूटाची हद्द जवळ आली की इंटरस्टेट 70 वर 15 क्रमांकाचा फाटा लागतो. तिथे लोमा नावाचं छोटं गाव आहे. गावाकडे पाठ करून दक्षिणेला वळलं की थोड्याच अंतरावर सायकलींच्या वाटा सुरू होतात. त्यातली सगळ्यांत सोपी वाट म्हणजे रस्लर्स लूप. साधारण साडेतीन मैलांची, म्हणजे सहा किलोमीटरच्या आतली ही फेरी जिथून सुरू होते तिथेच येऊन मिळते. वाटेत कोलोरॅडो नदीच्या काठावरचा उंच कडा येतो. फार मोठा चढ नाही, अवघड उतरण नाही. माउंटन सायकल नुकती हातात घेतलेल्या माणसाला काही युक्त्या आणि वाटेवरचे रीतिरिवाज सांगणाऱ्या पाट्या जागोजाग लावल्या आहेत.

या भागाला हाय डेझर्ट म्हणतात. वाळूच्या टेकड्यांचं वाळवंट इथे नाही. उंची जवळजवळ महाबळेश्वरएवढी, सुमारे 1,400 मीटर. पाऊस मात्र वर्षाकाठी जेमतेम 230 मिलिमीटर. महाबळेश्वरला जुलैतल्या एखाद्या दिवशी पडतो तेवढा. त्यावर ज्युनिपरची बुटकी, पिळवटलेली झाडं, राखाडी सेजब्रश, फड्या निवडुंग आणि इफेड्राच्या हिरव्या काड्या जगतात. खाली ज्युरासिक काळातले खडक आहेत. ब्रॅकिओसॉरस या महाकाय डायनासोरचा सांगाडा जगाला पहिल्यांदा सापडला तो इथून जवळच, ग्रँड जंक्शनच्या बाहेरच्या एका टेकडीत, 1900 साली.

माझा नवरा ग्रँड जंक्शनला नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी या वाटांच्या डागडुजीला जातो. ताई म्हणजे माझ्या नणंदबाई. साताऱ्याला त्यांनी अनेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. या वसंतात त्या आमच्याकडे आल्या आणि आम्ही त्यांना रस्लर्स लूपवर चालायला नेलं. बहीण-भावांचा वाद तिथे सुरू झाला. तो मी इथे मांडते आहे, कारण प्रश्न या एका वाटेपुरता नाही आणि दोघांचंही म्हणणं नीट ऐकण्याजोगं आहे.

ताई : इतकी सोपी वाट करायची गरजच काय होती? वाळवंट आहे हे. ज्याला यायचंय त्यानं तयारीनं यावं, थोडं सोसावं. सोपं केलं की माणसं लोटतात. कासचं पाहिलंय मी. फुलांचे फोटो सगळीकडे पोचले आणि सड्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. शेवटी कुंपण घालावं लागलं, रोज किती जणांना सोडायचं त्याचा आकडा ठरवावा लागला.

तो : ताई, कासला गर्दी आधी आली आणि वाट कुठून काढायची याचा विचार नंतर झाला. इथे महामार्ग शेजारी, नदी समोर, कडे डोळ्यांत भरणारे. वाट नसती तरी लोक आलेच असते. वाट नसली की प्रत्येक जण आपापली वाट काढतो. पन्नास माणसांच्या पन्नास ओळी होतात. आज ते पन्नासही जण दीड-दोन फुटांच्या एकाच पट्टीवरून जातात. ती पट्टी आम्ही वाहिलेली आहे, असं समज. तिथे काही उगवणार नाही. पण तिच्या दोन्ही बाजूंना कुणी पाय ठेवायचा नाही.

ताई : आणि ठेवतातच!

हे त्या म्हणाल्या तेव्हा वाटेच्या कडेला वाकलेल्या होत्या. ज्युनिपरच्या दोन झाडांमधल्या मोकळ्या जमिनीवर बुटांचे ठसे उमटलेले होते. कुणीतरी फोटोसाठी आत गेलं असावं. ठशांच्या आजूबाजूची माती जळलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी काळी, खडबडीत होती. ठशांच्या जागी मात्र नुसती सैल, तांबूस भुकटी.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण वादाचं मूळ या पापुद्र्यात आहे. ज्याला आपण उघडी जमीन समजतो ती इथे उघडी नसते. मातीच्या वरच्या थरात सायनोबॅक्टेरिया राहतात. त्यांच्यातला मायक्रोकोलियस हा मुख्य. त्याचे तंतू चिकट आवरणात असतात. माती ओली झाली की तंतू आवरणातून सरकत वर येतात, जुनी आवरणं मागे राहतात, आणि वाळूचा कण कणाला बांधला जातो. त्यावर दगडफूल येतं, मॉस येतं. मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो त्याचेच हे दूरचे भाऊबंद. हा थर वाऱ्यापावसापासून माती धरून ठेवतो, आणि त्यातले काही जीव हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. इतक्या गरीब जमिनीत झुडपांना खत मिळतं ते मुख्यतः इथून. ओला असताना हा थर लवचीक असतो, वाळला की ठिसूळ. आणि वर्षातले बहुतेक दिवस तो वाळलेलाच असतो. एक पाऊल पडलं की मोडतो. मोडलेल्या जागेची वाळू उडते, शेजारच्या जिवंत थरावर बसते, त्याला उजेड मिळत नाही, मग तोही मरतो. सायनोबॅक्टेरिया बऱ्या परिस्थितीत काही वर्षांत परत येतात. दगडफूल आणि मॉस परतायला कित्येक दशकं लागतात, कोरड्या जागी त्याहून बरीच जास्त. जेन बेलनॅप या संशोधक बाईंनी जवळच्याच मोआब गावात राहून या पापुद्र्याच्या अभ्यासात अनेक वर्षं घालवली. आज आपल्याला त्याबद्दल जे ठाऊक आहे त्यातलं पुष्कळ त्यांच्यामुळे.

ताई : दुसऱ्या महायुद्धात मोहावे वाळवंटात रणगाड्यांचा सराव झाला होता, त्याच्या खुणा अजून दिसतात म्हणे. म्हणजे वाळवंट विसरत नाही. आपल्याकडे एका पावसाळ्यात गवत येतं आणि चूक झाकली जाते. इथे नाही. अशा जमिनीवर तुम्ही लहान मुलांना सायकल शिकायला आणता?

तो : हो, कारण इथे पापुद्रा दाखवता येतो. पण मला प्रमाणाचं सांगू दे. या सगळ्या पठारी प्रदेशातली धूळ उडून सॅन वॉन पर्वतांच्या बर्फावर बसते. बर्फ काळपटतं, ऊन जास्त शोषतं, लवकर वितळतं. 2010 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात बेलनॅपही होत्या. या धुळीमुळे कोलोरॅडो नदीच्या वरच्या खोऱ्यातलं वर्षाचं पाणी सुमारे पाच टक्क्यांनी घटतं, असा त्यांचा हिशेब निघाला. जवळजवळ चार कोटी लोक या नदीवर अवलंबून आहेत, तेव्हा पाच टक्के म्हणजे थोडं नव्हे. पण ही धूळ वाढली कधी? डोंगरातल्या तळ्यांचा गाळ तपासला तेव्हा दिसलं की एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, गुरांचे आणि मेंढ्यांचे प्रचंड कळप आले, तेव्हा ती कित्येक पटींनी वाढली. 1934 साली चराईवर कायद्यानं बंधन आलं, त्यानंतर काहीशी कमी झाली. दीड फूट रुंदीची वाट त्या हिशेबात कुठे बसते?

ताई : दुसऱ्यानं शेत जाळलं म्हणून आपण बांध पेटवायचा का?

या प्रश्नावर माझा नवरा गप्प राहिला, आणि ते योग्यच होतं. प्रमाणाचा मुद्दा खरा आहे, पण त्यानं आपली जबाबदारी कमी होत नाही. मला त्याची दुसरी बाजू जास्त भावली, आणि ती त्यानं नंतर वाट कशी आखतात हे सांगताना मांडली.

सोपी वाट आपोआप होत नाही. ती आखावी लागते, आणि आखताना पहिला विचार पाण्याचा. वर्षात कमी पडत असला तरी इथला पाऊस एकदम कोसळतो. वाट सरळ उतारावरून खाली नेली तर तिचा ओढा होतो. म्हणून ती उताराला आडवी काढायची. तिचा चढ एकंदरीत दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा, आणि डोंगर ज्या तीव्रतेनं उतरतो त्याच्या निम्म्याहून जास्त तीव्रता तिला द्यायची नाही. पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता. मधूनमधून चढाच्या वाटेला छोटासा उतार द्यायचा, म्हणजे पाणी तिथे वाट सोडून बाहेर पडतं. या कामाला मॅक्लाऊड नावाचं अवजार असतं, एका बाजूला दाते आणि दुसऱ्या बाजूला रुंद पातं. नवऱ्याच्या हाताला त्याचे घट्टे पडलेले आहेत. गंमत अशी की ज्या नियमांनी पाणी आवरतं त्याच नियमांनी वाट माणसाला सोपी होते. मंद चढ, लयीतले उंचसखल तुकडे, कुठेही धाप लागू न देणारी वळणं. सोपेपणा इथे लाड म्हणून आलेला नाही, माती धरून ठेवण्याच्या खटपटीतून आला आहे.

तो : आणि फेरी का, तेही बघ. वाट एका टोकाला जाऊन संपत असती तर प्रत्येक माणूस तिच्यावरून दोनदा गेला असता, जाताना आणि येताना. समोरासमोर गाठ पडली की कुणीतरी बाजूला होणार, म्हणजे पापुद्र्यावर. शिवाय टोकाला सगळे थांबतात, पसरतात, बसतात. तिथे मोठा उजाड चट्टा पडतो. फेरीला टोक नाही.

ताई : हे पटलं. पण चाक आणि पाय यांत फरक आहे. चाक सलग ओळ काढतं, पाय ठिपके काढतो.

तो : मलाही आधी असंच वाटायचं. 1994 साली माँटानात विल्सन आणि सेनी या दोघांनी वाटेवर पाणी शिंपडून मोजणी केली. घोडे, चालणारे, मोटरसायकली आणि सायकली असे चौघे त्याच वाटांवरून नेले आणि माती किती सुटी होते ते पाहिलं. चाकांपेक्षा खुरांनी आणि पायांनी जास्त माती सुटी केली.

ताई : चांगल्या वाटेवर, बेतानं चालवली तर. ब्रेक करकचून दाबून मागचं चाक घसरवत येणाऱ्याचं काय? आणि मातीखेरीज दुसरंही जग आहे. माणूस चालून चालून किती चालेल? सायकलवाला त्याच वेळात तीन-चार पट आत जातो. तिथल्या हरणाला वाटतं, आज इथेही आले.

या मुद्द्यावर मी मधे पडले, कारण त्याबद्दल मी वाचलं होतं. ग्रेट सॉल्ट लेकमधल्या अँटिलोप आयलंडवर टेलर आणि नाइट यांनी केलेला अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. बायसन, प्राँगहॉर्न आणि म्यूल हरणं माणसाला पाहून कधी पळतात ते त्यांनी नोंदवलं. चालणारा की सायकलवाला, याने फारसा फरक पडत नव्हता. म्यूल हरणांना फरक पडत होता तो माणूस वाटेवर आहे की वाट सोडून आला आहे याने. वाटेवरच्या माणसाचा अंदाज त्यांना येतो. वाट सोडलेल्याला पाहून ती पुष्कळ जास्त लांबून पळतात. याच अभ्यासात लोकांनाही विचारलं होतं. आपल्यामुळे प्राण्यांना त्रास होतो असं मानणारे थोडे; त्रास देतात ते दुसऱ्या गटाचे लोक, असं सांगणारे जास्त. ताई आणि माझा नवरा दोघंही हे ऐकून काही वेळ मुकाट चालले.

त्यानंतर ताईंनी विषय वेगळ्या बाजूनं घेतला, आणि मला वाटतं त्यांचं खरं म्हणणं हेच होतं.

ताई : माझा राग वाटेवर नाही रे. सोपेपणाची सवय लागते, त्याची मला भीती वाटते. आज ही सोपी, उद्या शेजारची सोपी करा, परवा पलीकडच्या डोंगराची. माणसाला जे जमतं तेच जग, असं होतं मग. काही जागा अशा असाव्यात की तिथे पोचायला आपण बदलायचं, जागेनं बदलायचं नाही.

तो : आणि ज्यांना बदलता येत नाही? सत्तरीच्या बाईंना, सहा वर्षांच्या पोराला, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्याला वाळवंट फक्त गाडीच्या काचेतून दाखवायचं? इथल्या सरकारी जमिनीच्या भवितव्यावर दर निवडणुकीत भांडण होतं. ती जमीन वाचावी म्हणून उभं कोण राहणार? ज्यानं तिच्यावर पाऊल टाकलंय तोच. ही पहिली वाट आहे, ताई. पहिली वाट अवघड करून चालत नाही.

मी इथे नवऱ्याच्या बाजूची आहे, आणि कारण माझ्या डोळ्यांसमोर चालत होतं. ताईंचे गुडघे दुखतात. वाट नसती, किंवा तिच्या शेजारच्या हॉर्सथीफ बेंचसारखी दगडांच्या पायऱ्यांवरून उतरणारी असती, तर तो पापुद्रा त्यांनी वाकून पाहिलाच नसता. साताऱ्यात पुस्तकात वाचलेला मायक्रोकोलियस त्यांना बोटाच्या अंतरावर भेटला तो या सोपेपणामुळे.

पण नदीच्या कड्यावर पोचलो तेव्हा माझं मत हललं. खाली कोलोरॅडो, गढूळ आणि संथ. लोमाच्या घाटावरून होड्या सोडतात आणि रूबी-हॉर्सथीफच्या घळींतून पंचवीस मैल खाली वेस्टवॉटरपर्यंत जातात. नदीपलीकडे दक्षिणेला लाल कडे आणि खोल घळी पसरलेल्या. तो ब्लॅक रिज कॅनियन्स विल्डरनेस, सुमारे 75,000 एकरांचा. आम्ही उभे होतो ती बाजू आणि ती बाजू मिळून मक्इनिस कॅनियन्स हे संरक्षित क्षेत्र होतं. अमेरिकी काँग्रेसनं ते 2000 साली वेगळ्या नावानं घोषित केलं, आजचं नाव 2005 पासूनचं. पण दोन बाजूंना दोन कायदे. तिकडे 1964 चा विल्डरनेस कायदा लागू आहे. त्यात यांत्रिक वाहतुकीला मज्जाव आहे, आणि सायकल त्यात मोडते. तिकडे रॅटलस्नेक कॅनियनमध्ये खडकाच्या नैसर्गिक कमानी आहेत. आर्चेस राष्ट्रीय उद्यान सोडलं तर इतक्या कमानी एकत्र क्वचितच दिसतात. तिथे जायचं तर चालत, आणि ते चालणं सोपं नाही.

तो : हे मला टोचतं, खरं सांगतो. घोडा चालतो, सायकल चालत नाही. आत्ताच आपण बोललो की खुरांनी माती जास्त सुटी होते. मग सायकललाच बंदी का?

ताई : माझ्यापुरता प्रश्न मातीचा नाही. एक काठ तुला दिलाय ना? मग दुसरा राहू दे. तुझी सोपी वाट मला आवडली ती समोर हा काठ आहे म्हणून. दोन्हीकडे सारखंच केलं असतं तर मी परत आले नसते.

तो : पण लोक वाढताहेत. 1989 मध्ये इथल्या सायकलवाल्यांच्या संघटनेनं लोमापासून मोआबपर्यंत 142 मैलांचा कोकोपेली ट्रेल जोडला, तेव्हा माउंटन सायकली किती होत्या? आता या पार्किंगमध्ये शनिवारी जागा मिळत नाही. सगळा भार याच काठानं घ्यायचा?

ताई : घ्यावा. म्हणूनच तो नीट सांभाळायचा. आणि मोकळी जमीन म्हणू नका याला. तूच सांगितलंस ना, यूट लोकांना 1881 मध्ये इथून हाकललं आणि लगेच वस्ती करायला माणसं धावली. तेव्हाही त्यांनी हेच म्हटलं असेल, मोकळी पडलीय, घ्या.

इथे मी ताईंच्या बाजूला गेले आणि अजून तिथेच आहे. सोपी वाट हवी, पण ती कुठवर येणार हे आधी ठरलेलं हवं, आणि ते ठरवणारा कायदा वाट आखणाऱ्यांपेक्षा वरचा हवा. नवऱ्याला हे मान्य नाही. त्याच्या मते पलीकडे एखादी अरुंद वाट सायकलला दिली तर अलीकडचा भार हलका होईल. आमच्या घरात यावर अजून बोलणं चालू आहे.

परत निघालो तेव्हा उत्तरेला बुक क्लिफ्सवर ढग जमले होते, आणि रात्री पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी शनिवार. शेजारच्या मुलांना सायकलवर न्यायचं ठरलं होतं. सकाळी उठून नवऱ्यानं सगळ्यांना निरोप पाठवला की आज नाही.

ताई : थेंबभर पावसाला? साताऱ्याला आम्ही धो धो पावसात डोंगर चढतो.

तो : तिथली माती वेगळी. इथे मध्येमध्ये चिकणमाती आहे. ओली असताना तिच्यावरून चाक गेलं की इंचभर खोल चर पडतो, वाळला की विटेसारखा घट्ट होतो, आणि पुढच्या पावसाचं पाणी त्यातूनच धावतं. चिखल टाळायला लोक कडेनं जातात आणि वाट रुंदावते. वाळूचा भाग दुपारपर्यंत सुकेल. चिकणमातीला उद्यापर्यंत वेळ द्यायला हवा.

ताई : मग अशा दिवशी फाटक लावा.

तो : फाटकाला वळसा घालतात, ताई. तो वळसा पापुद्र्यावरून असतो.

ताई : बरं, फाटक नको. मग रविवारी मुलं सायकलवर बसायच्या आधी मला दहा मिनिटं दे. भिंग घेऊन येते मी.

तो : मुलं दहा मिनिटं उभी राहणार नाहीत. पाच.

ताई : दहा. पावसानं पापुद्रा ओला आहे, रविवारी सकाळी तंतू वर आलेले असतील. पुन्हा इथे पाऊस कधी पडेल ते तूच सांग.